चार नंबरची हवा

सेफ्टीसाहेबांच्या टेबलावर दोन गोष्टी कायम असत. एक, अर्धा पिऊन विसरलेला चहा. दुसरी, धोका नोंदवही.

गोळ्या-औषधांच्या कारखान्यात जिथे जिथे माणसाला इजा होऊ शकते त्या प्रत्येक जागेला या वहीत एक ओळ होती. ओळीत दोन आकडे. धोका घडण्याची शक्यता किती, एक ते पाच. घडलाच तर त्याची तीव्रता किती, एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार आठ किंवा त्याहून जास्त आला तर मीटिंग घ्यावी लागे, मीटिंगचा अहवाल लिहावा लागे आणि अहवालावर मोठ्या साहेबांची सही आणावी लागे. मोठे साहेब सहीआधी प्रश्न विचारत. त्यामुळे सेफ्टीसाहेबांच्या बारा वर्षांच्या कारकिर्दीत या कारखान्यातला प्रत्येक धोका सहा होता. ओली फरशी सहा. सॉल्व्हंटची पिंपं सहा. तीन हजार लिटरचा चार नंबरचा रिॲक्टर, ज्यात दुरुस्तीला माणूस उतरतो आणि एरवी नायट्रोजन भरतात, तोही सहा. शक्यता दोन, तीव्रता तीन. तीव्रता तीनचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर छापला होता: ‘कामगार काही दिवस कामावर येऊ शकणार नाही.’

हे एका अर्थी खरं ठरलं होतं. गेल्या वर्षी चार नंबरमध्ये उतरलेला फिटर त्या दिवसापासून कामावर आला नव्हता.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मामा दारात येऊन उभे राहिले. मामा म्हणजे चार नंबरचे ऑपरेटर. पोट एवढं की हेल्मेट घालून उभे राहिले तर झाकण लावलेल्या भांड्यासारखे दिसत. साऱ्या कारखान्याचे मामा, कुणाचेही सख्खे नाहीत.

“साहेब, चार नंबरची हवा पुन्हा उतरतेय.”

“मीटर बदला.”

“हा तिसरा मीटर आहे. आता मीटरवाला म्हणतो, मामा, तुम्हीच बदला.”

सेफ्टीसाहेब उठले. उठायची इच्छा नव्हती, पण परवा तपासनीस येणार होते आणि वर्षभर बंद असलेला चार नंबर त्याआधी सुरू करून दाखवायचा होता.

रिॲक्टर म्हणजे काय, तर उभं ठेवलेलं एक मोठं पोलादी भांडं. आतून गडद निळ्या काचेचा थर, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं गोल तोंड, त्यावर बोल्टांचं झाकण. तोंड वरच्या मजल्यावर, पोट आणि नळ्या-व्हॉल्व्ह खालच्या मजल्यावर. काम सुरू करण्याआधी आतली हवा नायट्रोजन सोडून हुसकावतात, म्हणजे सॉल्व्हंटची वाफ पेटत नाही. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आवाजही नाही. हवेच्या जागी तो असला तर माणूस दोन-चार श्वासांत डुलकी लागल्यासारखा बसतो. बसलेला उठत नाही.

आता मात्र आत नायट्रोजन नव्हता. भांडं धुऊन, पुसून, ब्लोअरने ताजी हवा भरून झाकण लावलेलं होतं. नायट्रोजनची नळी तर अजून जोडलेलीही नव्हती. वरच्या मजल्यावरच्या मीटरवर ऑक्सिजन दिसत होता: १९.८ टक्के.

“सकाळी आठला वीस पूर्णांक नऊ होता,” मामा म्हणाले. “नवाला वीस चार झाला. ब्लोअर लावला की परत वीस नऊ. बंद केला की उतरला. काल दिवसभर हाच खेळ.”

“गळती असेल.”

“गळती असली तर बाहेरची हवा आत येईल, साहेब. आकडा चढेल. उतरेल कसा?”

मामा दहावी नापास होते, आणि अशा वेळी ते सेफ्टीसाहेबांना फार जाणवायचं. गंज ऑक्सिजन खातो, पण काच गंजत नाही. आत काही सडलेलं असावं, तर कॅमेरा घालून पाहिलं होतं. निळ्या काचेशिवाय काही नव्हतं. खिशातल्या कागदावर त्यांनी हिशेब मांडला. तीन हजार लिटर हवा. तासाला अर्धा टक्का उतार. म्हणजे तासाला पंधरा लिटर ऑक्सिजन कुठेतरी जात होता.

पंधरा लिटर हा आकडा त्यांना पाठ होता. बंदिस्त जागेच्या प्रशिक्षणात ते दर सहा महिन्यांनी फळ्यावर स्वतःच्या हाताने तो लिहीत. स्वस्थ बसलेला एक माणूस तासाभरात एवढा ऑक्सिजन वापरतो.

त्यांनी कागद चुरगळून खिशात कोंबला.

“काय आलं उत्तर?” मामांनी विचारलं.

“सहा,” सेफ्टीसाहेब म्हणाले.

*

गेल्या वर्षीचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक होता आणि सगळ्यांना चुकीचा ठाऊक होता.

भांड्यात माणूस उतरायचा तर परमिट लागतं. त्यावर एक रकाना ‘आत गेले’, एक रकाना ‘बाहेर आले’. दोन्ही आकडे जुळले, सुरक्षा अधिकाऱ्याने भांड्यात डोकावून पाहिलं आणि सही केली, की परमिट बंद. परमिट बंद झाल्याशिवाय ऑपरेटरने नायट्रोजनला हात लावायचा नाही. नियम इतका चांगला होता की दुसऱ्या कारखान्यांनी तो मागून नेला होता.

कारखान्याची बस मात्र साडेपाचला सुटे. वरच्या मजल्यावर जायचं म्हणजे बूट बदला, गाऊन घाला, टोपी घाला, हात धुवा. वीस मिनिटं जाण्यात, वीस येण्यात. म्हणून सव्वापाचला सेफ्टीसाहेब दिवसभराची परमिटं खुर्चीत बसूनच बंद करत. ‘आत गेले’मध्ये जो आकडा असेल तोच शेजारी लिहायचा. बारा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. त्या दिवशी आत गेले होते दोन, फिटर आणि ठेकेदाराचा वेल्डर. सेफ्टीसाहेबांनी शेजारी दोन लिहिले, सही केली, डबा पिशवीत टाकला.

वेल्डर गॅस्केट आणायला वर आला होता. फिटर आत होता. खालच्या मजल्यावर मामांनी बंद झालेलं परमिट पाहिलं, सही पाहिली आणि व्हॉल्व्ह फिरवला.

चौकशीत वेल्डर म्हणाला, फिटर बाहेर आलाच नव्हता. पण वेल्डर ठेकेदाराचा आणि कागद कंपनीचा. कागद म्हणत होता, दोघे बाहेर आले. मग निष्कर्ष एकच उरला: फिटर विसरलेला पाना आणायला परवानगीवाचून पुन्हा आत उतरला. ‘मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा.’ चौकशी समितीने सेफ्टीसाहेबांना विचारलं, तुम्ही दोघांना बाहेर आलेलं पाहिलंत? त्यांनी मान हलवली. मान कुठल्या बाजूला हलली हे त्यांनाही नीट कळलं नव्हतं, पण समितीने ‘होय’ लिहून घेतलं.

हेही कदाचित पचलं असतं. पण फिटरच्या बायकोला कंपनीने माणुसकी म्हणून नोकरी दिली, आणि नेमकी गाऊनच्या खिडकीवर. आत जाणाऱ्या प्रत्येकाला धुतलेला गाऊन द्यायचा, येणाऱ्याकडून घ्यायचा. फिटर सगळ्यांचा दोस्त, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. पहिल्याच आठवड्यात तिने गाऊन पुढे करता करता विचारलं होतं:

“साहेब, तुम्ही त्यांना शेवटचं पाहिलंत ना? वर आले तेव्हा. कसे होते?”

मागे चार माणसं रांगेत. सेफ्टीसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, “चांगले होते. हसत होते. मला हात केला लांबून.”

“हात केला?”

“हो.”

“दमलेले होते का?”

“थोडेसे. पण खुशीत होते.”

तिने ते जपून ठेवलं. दर पंधरा-वीस दिवसांनी, रांग नसली की ती तो हात पुन्हा मागे. उजवा की डावा? हातमोजे काढले होते का? आणि सेफ्टीसाहेब दर वेळी थोडी भर घालत, कारण एवढ्याशा गोष्टीवर बाईचा चेहरा उजळताना पाहिलं की थांबता येत नसे. वर्षाअखेर फिटर त्या संध्याकाळी कपाळाचा घाम पुसून, हेल्मेट काखेत मारून, ‘येतो साहेब’ असं म्हणून गेला होता. दर वेळी गाऊनची बटणं लावताना सेफ्टीसाहेबांचे कान तापत. ती साडेपाचच्या बसने जाई, म्हणून त्यांनी बस सोडली आणि स्वतःची गाडी आणायला लागले. घरी सांगितलं, पाठ दुखते.

*

बुधवारी दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला. “उद्या तपासनीस येतायत आणि तुमचा मामा म्हणतो, नायट्रोजन सोडणार नाही. का, तर आत कुणीतरी आहे. हे काय लावलंय?”

“मी बघतो, साहेब.”

“बघू नका. भांडं रिकामं आहे असं लिहून द्या.”

मामा वरच्या मजल्यावर भांड्याच्या तोंडाशी स्टुलावर बसले होते. झाकण उघडं होतं. “मला काढायचं तर काढा कामावरून,” ते शांतपणे म्हणाले. “आकडा मला समजत नाही असं समजू नका. वर्ग मीपण केलाय तुमचा. पंधरा लिटर.”

“मामा, हे शास्त्रात बसत नाही.”

“मग तुम्ही उतरा. तुम्ही बघून या आणि सांगा रिकामं आहे. तुमच्या शब्दावर फिरवतो.”

बारा वर्षं सेफ्टीसाहेबांनी भांड्यात कसं उतरावं हे शिकवलं होतं. उतरले कधीच नव्हते. परमिट लिहिलं: आत गेले, एक. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर मामांच्या हातात. शिडीवरून उतरताना त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा आत बरंच जास्त निळं होतं.

तळ बशीसारखा गोल. धड उभं राहता येत नव्हतं, म्हणून ते काचेला पाठ लावून उकिडवे बसले. वर तोंडाचं गोल उजेडाचं ताट, त्यात मामांचं डोकं. हेल्मेटवरच्या दिव्याचा उजेड समोरच्या काचेवर पडला होता. काच थंड होती. धुण्याच्या पाण्याचा, ओल्या दगडासारखा वास. स्वतःचा श्वास चारी बाजूंनी परत येत होता.

“काय दिसतंय?” वरून आवाज घुमला.

“काही नाही.”

खरंच काही नव्हतं. त्यांनी डावीकडे पाहिलं, तळाचा नळ पाहिला, जोड पाहिले. तोंड काचेजवळ गेलं की काचेवर वाफ धरे आणि दूर गेलं की विरून जाई. ती त्यांची स्वतःची वाफ होती. ते पुन्हा पाठ टेकून बसले.

समोरच्या काचेवर, हात लांब केला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर, वाफेचा एक ठिपका धरला होता. तळहाताएवढा. उकिडव्या बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे.

तो विरला. मग पुन्हा धरला.

सेफ्टीसाहेबांनी श्वास रोखला. दहा मोजले. पंधरा मोजले. ठिपका विरला, धरला, विरला, धरला. घाई नव्हती. काम करून दमलेला माणूस बसून दम खातो तसं चाललं होतं.

त्यांना बोलायचं होतं. काय बोलायचं तेही तोंडाशी आलं होतं. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला मामा होते, आणि भांड्यात कुजबुजलेलं वर स्पष्ट ऐकू जातं. त्यांना मामांची लाज वाटली. मेलेल्या माणसासमोर बसूनही जिवंत माणसाची लाज वाटते, हे त्यांना तेव्हा कळलं.

“ओढा,” ते म्हणाले.

वर आल्यावर त्यांनी परमिट घेतलं. बाहेर आले: एक. सही. वेळ, पाच वाजून दहा. खाली लिहिलं, ‘भांडे रिकामे.’

झाकण लावून दोघं खालच्या मजल्यावर उतरले. नायट्रोजनची नळी सकाळीच जोडून ठेवली होती. मामांनी परमिट वाचलं, बोट ठेवून सही पाहिली आणि व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला.

“आता मला भीती नाही,” ते म्हणाले. “तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघून आलात. त्या दिवशीही तुम्ही बघितलं होतंत, म्हणूनच फिरवलं होतं मी. नाहीतर मी एक हाक मारलीच असती वर.”

चाक किंचित कुरकुरलं.

“थांबा.”

मामा थांबले.

“मी बघितलं नव्हतं.”

“आता?”

“आताही खोटं लिहिलंय. आणि त्या दिवशी तर मी वर गेलोच नव्हतो. खुर्चीत बसून दोन लिहिले.”

मामांचा हात चाकावरच होता. बराच वेळ ते त्या हाताकडेच पाहत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

“म्हणजे तो पुन्हा आत गेला नव्हता.”

“नाही.”

“वर्षभर मी त्याला शिव्या घालतोय, साहेब,” मामा हळू म्हणाले. “जेवताना घालतो, आंघोळ करताना घालतो. गाढवा, पान्यासाठी गेलास आणि माझ्या हातून मेलास, म्हणून. बायको म्हणते, कुणाशी भांडता एकटे?” त्यांनी हात काढून पोटावर पुसला. “वहिनीला सांगितलंत?”

“नाही.”

“तिला काय सांगितलंत?”

सेफ्टीसाहेबांनी सांगितलं. हसला, हात केला, घाम पुसला, ‘येतो साहेब’ म्हणाला. सगळं. सांगताना प्रत्येक तपशील उघड्यावर कपडे काढल्यासारखा वाटत होता.

मामांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. “तुम्ही जा,” ते म्हणाले. “मी झाकण काढून वर बसतो. बसूनच राहीन.”

फाइलच्या कपाटातून सेफ्टीसाहेबांनी गेल्या वर्षीचं परमिट काढलं. औषधाच्या कारखान्यात खोडरबर चालत नाही. चूक एका आडव्या रेघेने खोडायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा, शेजारी सही, तारीख आणि कारण. त्यांनी ‘बाहेर आले’मधल्या दोनवर रेघ मारली. वर एक लिहिला. सही केली. कारणाच्या जागी लिहिलं: ‘मी पाहिले नाही.’ अक्षर वाकडं आलं. कागद घडी न करता पाकिटात घातला.

बस सुटून गेली होती. त्यांनी गाडी काढली. फाटकाबाहेर आल्यावर गाडी टीं टीं करायला लागली. त्यांनी स्वतःचा पट्टा चाचपला, लावलेला होता. टीं टीं चालूच. समोर काचेखाली तांबडा दिवा लुकलुकत होता, शेजारच्या सीटचा. सीटवर पाकीट नव्हतं, पिशवी नव्हती. पाकीट त्यांच्या मांडीवर होतं.

सेफ्टीसाहेबांनी गाडी कडेला घेतली. शेजारी पाहिलं नाही. हात लांब करून डावीकडचा पट्टा ओढला, तो नेहमीपेक्षा जास्त ओढावा लागला, आणि अडकवला.

आवाज थांबला.

वाटेत त्यांनी डावीकडची खिडकी थोडी उघडली.

वहिनीचं घर एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावर होतं. ती आणि तिची सासू, दोघीच राहत. सेफ्टीसाहेब उतरले, वळसा घालून डावीकडे गेले, दार उघडलं, पट्टा सोडला आणि दार धरून उभे राहिले. किती वेळ उभं राहायचं हे माहीत नव्हतं. मग गाडीची ती बाजू स्प्रिंगांवर हळूच दोन बोटं वर आली, आणि त्यांनी दार लावलं.

वहिनीने दार उघडलं. हाताला साबणाचा फेस होता. “साहेब? तुम्ही इकडे?”

“मी त्यांना पाहिलं नव्हतं,” सेफ्टीसाहेब म्हणाले. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी गेली होती. “ते बाहेर आलेच नव्हते. पुन्हा आत गेले नव्हते. त्यांची काही चूक नव्हती. मी खुर्चीत बसून आकडा लिहिला. हात वगैरे… मी रचलं सगळं.” त्यांनी पाकीट पुढे केलं. “यात लिहून दिलंय. ज्याला दाखवायचं त्याला दाखवा.”

तिने पाकीट घेतलं नाही. फेस मनगटावरून कोपराकडे ओघळत होता, तोही तिने पुसला नाही.

“हात केला नव्हता?” तिने विचारलं.

“नाही.”

“काहीच म्हणाले नव्हते?”

“मला माहीत नाही. मी नव्हतो तिथे.”

सेफ्टीसाहेबांची मान खाली होती. त्यांना तिच्या चपला दिसत होत्या आणि उंबरा. ती आता रडेल, ओरडेल, दार आपटेल, असं त्यांना वाटलं, आणि यातलं काहीही चाललं असतं. पण चपला फक्त एक पाऊल बाजूला सरकल्या, वाट देण्यासाठी सरकतात तशा. त्यांनी वर पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती. कुणी जवळून आत जाताना त्याच्यामागून नजर वळते, तशी तिची मान सावकाश घराच्या आत वळत होती.

सेफ्टीसाहेब उंबऱ्याबाहेरच उभे होते, पाकीट पुढे धरून.

आतून सासूबाईंचा आवाज आला, रोजच्यासारखा, थोडासा वैतागलेला.

“अगं, आला ना तो? मग दार लाव आता.”